विंडोज टाकून झालं, आता ड्रायव्हरचं काय? लॅपटॉपवाल्यांसाठी सगळं एका जागी

लॅपटॉपवर विंडोज नव्याने टाकणं आता फार अवघड राहिलेलं नाही, पेनड्राइव्ह बनवायचा, त्यावरून बूट करायचं, नेक्स्ट नेक्स्ट करत जायचं आणि थोड्या वेळात डेस्कटॉप समोर येतो. खरं काम तिथून पुढे सुरू होतं आणि नेमकं तेच बरेच जण अर्धवट सोडतात. वायफाय लागलं, युट्यूबचा आवाज आला, झालं असं धरून चालतात. मग महिनाभराने तक्रारी सुरू, फॉरमॅट केल्यापासून बॅटरी लवकर उतरते, फॅन सारखा जोरात फिरतो, झाकण लावून बॅगेत ठेवला तर आत तापतो, मीटिंगमध्ये हेडफोनचा माइक कुणाला ऐकूच जात नाही. लॅपटॉप चांगला असतो हो, त्यातले चार-पाच भाग विंडोजला ओळखता आलेले नसतात एवढंच, कारण त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्या भागाशी कसं बोलायचं हे विंडोजला सांगणारी छोटी सॉफ्टवेअरं, बसलेली नसतात, आणि ते ओळखून घ्यायला इंजिनिअर असायची काही गरज नाही, थोडा धीर धरून वाचायची तयारी पाहिजे.

सध्या हा विषय जास्त निघतो कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घरोघरी नवीन इन्स्टॉल चालू झालं. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे चालतं, टीपीएम २.० ही सिक्युरिटीची सोय लागते, त्यामुळे कुणी जुना लॅपटॉप पुसून त्यावर लिनक्स टाकतंय, तर कुणी सेकंडहँड घेतंय. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला कंपन्यांमधून परत आलेले डेलचे लॅटिट्यूड, लेनोवोचे थिंकपॅड, एचपीचे एलिटबुक ढिगाने मिळतात आणि माझ्या मते घरच्या वापराला त्या पैशात त्याच्यासारखी वस्तू नाही, पण अशा मशीनवर बऱ्याचदा कोरं विंडोज टाकलेलं असतं आणि ड्रायव्हर जेवढे आपोआप आले तेवढेच. ते पूर्ण करणं आपल्याकडे येतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डेस्कटॉपचं आणि लॅपटॉपचं गणित वेगळं आहे. लॅपटॉपमध्ये एकाच मॉडेल नावाच्या दोन मशीनमध्ये एकात इंटेलचं वायफाय कार्ड असतं, दुसऱ्यात रियलटेकचं, तिसऱ्यात मीडियाटेकचं. टचपॅडही एकात सिनॅप्टिक्स, एकात एलान. म्हणून "अमुक मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर" असं सर्च करून पहिला सापडला तो डाउनलोड करणं म्हणजे अंधारात दगड मारणं. कंपनीच्या सपोर्ट पानावर मॉडेलच्या नावाऐवजी सिरियल नंबर टाका. डेलला त्याला सर्व्हिस टॅग म्हणतात, सात अक्षरांचा असतो. खालचं स्टिकर घासून गेलं असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा, बहुतेक ठिकाणी पहिल्याच पानावर नंबर लिहिलेला असतो. तो टाकला की कारखान्यातून त्या मशीनमध्ये नेमकं काय बसवून दिलं होतं त्यानुसार यादी छोटी होते.

पुसायच्या आधी

तुमचं जुनं विंडोज अजून चालू होत असेल तर आत्ता, पुसायच्या आधी, चालू अवस्थेतले सगळे ड्रायव्हर बाजूला काढून ठेवा. ह्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, विंडोजमध्येच सोय आहे आणि ती इतकी कमी लोकांना माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं. पेनड्राइव्हवर एक रिकामं फोल्डर करा, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, आणि मी फोनवर सांगतो तसंच इथे सांगतो, पीएनपीयूटिल, स्पेस, स्लॅश एक्सपोर्ट डॅश ड्रायव्हर, स्पेस, स्टारचं चिन्ह, स्पेस, आणि मग त्या फोल्डरचा पत्ता. एंटर. एकेक ड्रायव्हर स्वतःच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मोठा असतो त्यामुळे एक-दोन जीबी सहज भरते, तेवढी जागा ठेवा. नवीन विंडोज आल्यावर ह्याचं उलटं करायचं, तीच पीएनपीयूटिल, स्लॅश अ‍ॅड डॅश ड्रायव्हर, फोल्डरचा पत्ता आणि त्यापुढे उलटा स्लॅश देऊन स्टार डॉट आयएनएफ, मग स्लॅश सबडर्स, मग स्लॅश इन्स्टॉल. कमांड नको वाटत असेल तर लॅपटॉपमधल्या सगळ्या भागांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागावर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउज माय कॉम्प्युटर, आणि ते फोल्डर दाखवून खालचं सबफोल्डरवालं टिक चालू ठेवायचं, तोच परिणाम.

ह्या पद्धतीची हद्द पण सांगतो. ह्यात ड्रायव्हर येतात, पण त्याच्यासोबतचं अ‍ॅप येत नाही. म्हणजे आवाज येईल, पण आवाजाच्या सेटिंगचं पॅनल वेगळं घ्यावं लागेल, ते आता बहुतेक मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनच येतं.

पुसण्याआधीच बिटलॉकरचंही, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचंही, बघून घ्या. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एनक्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो, आणि बायोसमध्ये काही बदललं की ४८ आकडी रिकव्हरी की मागून बसतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सेव्ह असते. आधी ती उघडून लिहून घ्या आणि मगच पुढचं काही करा. विंडोजच्या प्रॉडक्ट कीची मात्र काळजी नको, विंडोज ८ पासून लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स बायोसमध्येच साठवलेलं असतं, तीच एडिशन टाकली की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

आणि समजा पुसून झालंय, बॅकअप काहीच घेतला नव्हता? एक वाट असते. इन्स्टॉल करताना पार्टिशन फॉरमॅट न करता त्याच्यावरच विंडोज टाकलं असेल तर सी ड्राइव्हमध्ये विंडोज डॉट ओल्ड नावाचं फोल्डर बघा. त्यात विंडोज, मग सिस्टम३२, मग ड्रायव्हरस्टोअर, मग फाइलरिपॉझिटरी. जुने सगळे ड्रायव्हर तिथे जसेच्या तसे पडलेले असतात. डिव्हाइस मॅनेजरला तेच फोल्डर दाखवा. फक्त हे विंडोज डॉट ओल्ड साधारण १० दिवसांनी आपोआप उडतं, त्यामुळे आधी कॉपी करून घ्या.

इन्स्टॉलच्या वेळी डिस्कच दिसत नाही तेव्हा

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त लोकांना रडवतो. लॅपटॉप नवा आहे, एसएसडी चांगली आहे, बायोसमध्ये दिसतेय, पण विंडोज सेटअपमध्ये "ड्राइव्ह सापडली नाही" आणि यादी रिकामी. लोक घाबरतात की एसएसडी गेली, दुकानात नेतात, काही जण तर नवीन एसएसडी विकत घेऊन मोकळे होतात. थांबा. इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू ठेवलेली असते, एसएसडी थेट न दिसता तिच्या मागे दिसते, आणि विंडोजच्या सेटअपमध्ये बऱ्याचदा तिचा ड्रायव्हर नसतो. उपाय असा की दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आपल्या मॉडेलच्या सपोर्ट पानावरचा इंटेल रॅपिड स्टोरेज म्हणजे आरएसटीचा ड्रायव्हर घ्या, तो उघडून सुट्या फाइली पेनड्राइव्हवर टाका, आणि सेटअपमध्ये जिथे डिस्कची यादी रिकामी आहे तिथे लोड ड्रायव्हर दाबून ते फोल्डर दाखवा. आयएएसटीओआरव्हीडी नावाची आयएनएफ फाइल, म्हणजे ड्रायव्हरची माहिती असलेली फाइल, दिसेल, ती निवडली की डिस्क हजर.

इथे अडतं ते असं की इंटेलच्या साइटवर हा ड्रायव्हर ईएक्सई स्वरूपात मिळतो आणि सेटअपला ईएक्सई वाचता येत नाही, सुटी आयएनएफ आणि तिच्या सोबतच्या फाइली लागतात. त्या ईएक्सईला कमांड प्रॉम्प्टमधून, शेवटी डॅश एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स आणि फोल्डरचा पत्ता देऊन चालवलं की फाइली सुट्या होऊन मिळतात. काही बायोसमध्ये व्हीएमडी सरळ बंद करायचा पर्याय असतो, कोरं इन्स्टॉल करताना तोही चालतो आणि सोपा आहे. पण विंडोज टाकून झाल्यावर तो पर्याय चालू-बंद करायला जाऊ नका, विंडोज बूटच होणार नाही, निळ्या स्क्रीनवर इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस येऊन थांबेल.

वायफायसाठी नेट पाहिजे आणि नेटसाठी वायफाय

आजकालच्या पातळ लॅपटॉपला लॅन केबलची जागाच नसते, वायफायचा ड्रायव्हर विंडोजमध्ये नसला की मग दोन्हीकडून कोंडी. अँड्रॉइड फोन केबलने लावा आणि हॉटस्पॉटच्या सेटिंगमधलं यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे लगेच लॅन लागल्यासारखं नेट येतं, अगदी विंडोज ११ सुरुवातीच्या सेटअपला नेट मागून अडून बसतं तिथेसुद्धा. केबल फक्त चार्जिंगची नको, डेटा जाणारी पाहिजे, टेदरिंगचं बटन फिकट दिसत असेल तर आधी केबल बदलून बघा. आयफोनला मात्र अ‍ॅपलचा स्वतःचा ड्रायव्हर आधी लागतो, तेव्हा घरात कुणाचा तरी अँड्रॉइड मागून घ्या.

टचपॅड चालत नसेल तर साधा यूएसबी माउस लावून ठेवा, त्याचं कारण पुढे येतंय. आणि जुना किंवा खूप दिवस पडून असलेला लॅपटॉप असेल तर आधी घड्याळ बघा. आतली छोटी सेल संपलेली असली की तारीख कुठल्यातरी जुन्या सालावर जाते, आणि मग कुठलीच साइट उघडत नाही, सर्टिफिकेटची एरर येते, आणि लोक समजतात वायफायचा ड्रायव्हर चुकला.

नेट आलं की सगळ्यात आधी विंडोज अपडेटला त्याचं काम करू द्या. पूर्ण. रीस्टार्ट मागेल तर रीस्टार्ट, परत चेक, परत रीस्टार्ट. मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ऑप्शनल अपडेट्स म्हणून एक पान आहे, त्यात ड्रायव्हर अपडेट्सची वेगळी यादी लपलेली असते, ती बघा. बऱ्याच मशीनचं निम्म्याहून जास्त काम इथेच उरकतं. त्यानंतरच डिव्हाइस मॅनेजर उघडायचा आणि पिवळे त्रिकोण, म्हणजे ड्रायव्हर नसलेल्या किंवा नीट न चालणाऱ्या भागांवरची चिन्हं, मोजायचे.

पिवळा त्रिकोण वाचायचा कसा

माझ्या मते ह्या सगळ्या विषयात शिकण्यासारखी एकच गोष्ट असेल तर ती ही. मध्यंतरी लातूरहून मावसभावाचा फोन आला, त्याने कंपनीतून निघालेला एक जुना लॅटिट्यूड घेतला होता आणि स्वतःच कोरं विंडोज टाकलं होतं.

"दादा, सगळं झालं रे, पण एक अननोन डिव्हाइस राहिलाय. त्यात काहीच लिहिलेलं नाही. ड्रायव्हर शोधू कशाचा?"

"लिहिलेलं असतं. त्याच्यावर राइट क्लिक कर, प्रॉपर्टीज, वर डिटेल्सचा टॅब आहे का? तिथल्या लिस्टमध्ये हार्डवेअर आयडीज निवड. काय दिसतंय ते वाच मला."

"एसीपीआय... मग उलटा स्लॅश... एसएमओ आठ आठ शून्य शून्य."

झालं काम. एसएमओ८८०० म्हणजे डेलचा फ्री फॉल सेन्सर. लॅपटॉप हातातून निसटला की पडतापडता त्याला कळतं आणि फिरत्या हार्डडिस्कचं हेड बाजूला घेतलं जातं, म्हणजे आपटल्यावर डिस्कवर ओरखडा येत नाही. त्याच्या मशीनमध्ये एसएसडी होती, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे त्या सेन्सरचा तसा उपयोग नव्हता, पण सर्व्हिस टॅग टाकून डेलच्या पानावर फ्री फॉल नावाचा छोटासा ड्रायव्हर मिळाला आणि पिवळं चिन्ह गेलं. कुठलं ड्रायव्हर शोधायचं सॉफ्टवेअर नाही, काही नाही.

म्हणजे अननोन डिव्हाइसच्या आत त्याचा पत्ता लिहिलेला असतो. बहुतेक आयडी पीसीआयने सुरू होतात आणि त्यात व्हीईएन च्या पुढे चार अक्षरं असतात, ती बनवणाऱ्या कंपनीची. ८०८६ दिसलं की इंटेल, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी, १०ईसी रियलटेक, १४सी३ मीडियाटेक, १४ई४ ब्रॉडकॉम. त्यापुढे डीईव्ही असतं, तो नेमका भाग. पुढे सबसिस म्हणून आठ अक्षरं असतात आणि त्यातली शेवटची चार सांगतात लॅपटॉप कुणी बनवला, १०२८ डेल, १०३सी एचपी, १७एए लेनोवो, १०४३ आसूस, १०२५ एसर. आयडी यूएसबीने सुरू होत असेल तर व्हीआयडी बघा, ८०८७ हे इंटेलचं ब्लूटूथ, ०बीडीए म्हणजे रियलटेक, २७सी६ असेल तर गुडिक्सचा फिंगरप्रिंट सेन्सर. व्हीईएन आणि डीईव्ही एवढे दोन तुकडे सर्चमध्ये टाकले तरी तो भाग कुठला ते कळतं. मग ड्रायव्हर घ्यायचा तो कंपनीच्या पानावरूनच.

एसीपीआयने सुरू होणारे आयडी जरा जास्त अवघड कारण ते लॅपटॉप कंपनीचे खास भाग असतात आणि त्याचे ड्रायव्हर जनरल कुठे मिळत नाहीत. लेनोवोच्या आयडियापॅडवर व्हीपीसी२००४ दिसतं, तो पॉवर आणि हॉटकीचा भाग आहे. बॅटरी पूर्ण न भरता अलीकडेच चार्जिंग थांबवायची जी सोय असते ती ह्याच भागातून चालते, त्यामुळे हा एक ड्रायव्हर राहिला तर दिवसभर चार्जरला लावून काम करणाऱ्याच्या बॅटरीचं नुकसान होतं. एचपीवर एचपीक्यू६००१ असेल तर ते विमानाचं चिन्ह असलेलं वायरलेस बटन. आसूसवर फंक्शन कीज चालत नसतील तर आसूस सिस्टम कंट्रोल इंटरफेस नावाचं पॅकेज शोधा.

काही नावं मात्र विंडोज अशी देतं की वाचून काहीच बोध होत नाही. पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर, नाव ऐकून मोडेम वाटतो, आणि खूप जुन्या मशीनमध्ये असायचाही, पण आता तो जवळपास नेहमी इंटेलचा मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस असतो. एसएम बस कंट्रोलर म्हणजे चिपसेटचा, प्रोसेसरला बाकी भागांशी जोडणाऱ्या चिपांचा, ड्रायव्हर राहिला. बेस सिस्टम डिव्हाइस बहुतेक वेळा कार्ड रीडर निघतो. पीसीआय डेटा अ‍ॅक्विझिशन अँड सिग्नल प्रोसेसिंग कंट्रोलर एवढं लांबलचक नाव इंटेलच्या तापमान सांभाळणाऱ्या भागाचं आहे, आणि सुरुवातीला फॅन आणि तापण्याच्या तक्रारी लिहिल्या ना, त्यात हा राहिलेला असायची बरीच शक्यता असते. एएमडीच्या लॅपटॉपवर पीसीआय एन्क्रिप्शन डिक्रिप्शन कंट्रोलर दिसला तर तो प्रोसेसरमधला सिक्युरिटीचा भाग, चिपसेट पॅकेज टाकलं की जातो.

चिन्हावर डबल क्लिक केलं की कोडही लिहिलेला असतो, तो जरूर वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, सरळ आहे. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण तो भाग सुरू होत नाहीये, म्हणजे बऱ्याचदा ड्रायव्हर चुकीचा. कोड ४३ म्हणजे त्या भागाने स्वतःच काहीतरी बिघाड कळवलाय म्हणून विंडोजने त्याला थांबवलं, तिथे ड्रायव्हर बदलून फरक पडला नाही तर हार्डवेअरवर संशय घ्यायचा.

क्रम, आणि दोन गमतीशीर तारखा

क्रमाबद्दल लोक फार वाद घालतात. मी तरी चिपसेट, मग मॅनेजमेंट इंजिन, मग सिरियल आयओ, मग ग्राफिक्स, मग ऑडिओ आणि बाकी सगळं नंतर, असा जातो. दोन ग्राफिक्स असतील तर आधी प्रोसेसरमधलं इंटेल किंवा एएमडी, मग एनव्हिडिया. सिरियल आयओचं महत्त्व फार लोकांना कळत नाही. आताच्या लॅपटॉपचा टचपॅड आतून आयटूसी नावाच्या वायरिंगवर असतो, आणि ते आयटूसी चालवणारा ड्रायव्हर सिरियल आयओ पॅकेजमध्ये असतो. तो नसेल तर टचपॅडचा ड्रायव्हर कितीही वेळा टाका, विंडोजला टचपॅड तिथे आहे हेच दिसत नाही. एएमडीवाल्यांना हेच चिपसेट पॅकेजमध्ये मिळतं. ऑडिओचंही तसंच, नव्या इंटेल मशीनमध्ये इंटेल स्मार्ट साउंडचा ड्रायव्हर आधी बसला पाहिजे, नाहीतर झाकणावरचा माइक गायब किंवा आवाजच नाही. आणि नुसत्या हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस ह्या मायक्रोसॉफ्टच्या साध्या ड्रायव्हरवर आवाज आला म्हणून थांबू नका, स्पीकर पातळ वाजतो आणि हेडसेटचा माइक बऱ्याचदा ओळखला जात नाही. ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या पाच मिनिटं आधी हे कळणं फार वाईट.

ग्राफिक्समध्ये मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर दिसत असेल तर ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही आणि स्लीपचा पर्यायही गायब होतो. लोक कीबोर्ड खराब झाला म्हणून की दाबत बसतात.

आता तारखा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हरची तारीख २१ जून २००६ दिसली की "अहो हा तर वीस वर्षं जुना" म्हणून लोक अपडेट शोधायला धावतात. विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरना मायक्रोसॉफ्ट मुद्दाम हीच तारीख देतं, म्हणजे हार्डवेअर कंपनीचा कुठलाही ड्रायव्हर आला की तो त्याहून नवा ठरतो आणि त्याला जागा मिळते. इंटेलच्या चिपसेट ड्रायव्हरची तारीख तर १८ जुलै १९६८ असते, इंटेलची स्थापना झाली तो दिवस! त्याचंही कारण तेच, खास ड्रायव्हर उपलब्ध असेल तर त्याच्यावर ह्याने चढू नये. तेव्हा तारीख बघून काही करू नका.

ह्याच भीतीवर ड्रायव्हर अपडेटर नावाची सॉफ्टवेअरं जगतात, स्कॅन करतात, लाल रंगात मोठा आकडा दाखवतात, पैसे मागतात, वर ब्राउजरमध्ये नको त्या गोष्टी चिकटवतात. मला ह्यांचा मनापासून राग आहे, कारण बळी पडतात ते आपले आईवडील आणि काका-मावश्या. नेट नसलेल्या ठिकाणी खूप मशीन करायची असतील तर स्नॅपी ड्रायव्हर इन्स्टॉलर ओरिजिन हे ओपन सोर्स टूल मी समजू शकतो, पण तिथेही सगळं सिलेक्ट करून टाकू नका, जे पिवळं आहे तेवढंच. आणि व्हिडिओत सांगतात तसं ड्रायव्हर सिग्नेचरची तपासणी बंद करून काहीही आत घेऊ नका. ६४ बिट विंडोज व्हिस्टापासून सही नसलेला कर्नल ड्रायव्हर घेत नाही, त्यामागे कारण आहे, ड्रायव्हर थेट विंडोजच्या गाभ्यात चालतो.

बायोस अपडेट हे ड्रायव्हरच्या यादीतच सर्वात वर दिसतं म्हणून घाईने करू नका. बॅटरी धड असेल आणि चार्जर लावलेला असेल तरच करा. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी कधी मान टाकेल तेही. अर्ध्यात बंद पडलं तर मदरबोर्ड दुरुस्तीला.

सगळं टाकून झाल्यावर हे तपासूनच मशीन ज्याचं त्याला द्या. झाकण लावा, पाच-दहा मिनिटांनी उघडा, जागा होतो का आणि वायफाय परत लागतं का. हेडसेट लावून व्हॉइस रेकॉर्डरमध्ये बोला आणि ऐका. कॅमेरा, ब्लूटूथ, कार्ड रीडर, एचडीएमआय, फिंगरप्रिंट, ब्राइटनेसच्या की. ब्लूटूथ वायफायच्याच कार्डवर असलं तरी त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो, कारण बहुतेक कार्डांमध्ये ते आतून यूएसबीने जोडलेलं असतं, त्यामुळे वायफाय चाललं म्हणजे ब्लूटूथ चालेल असं धरू नका. सगळं नीट चालत असेल तर नुसता नवीन व्हर्जन आलाय म्हणून ड्रायव्हर बदलायची गरज नाही, ग्राफिक्स सोडून. आणि अपडेटनंतर काही बिघडलंच तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या भागाच्या प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर आहे, आधी तो वापरा.

लिनक्स टाकणाऱ्यांसाठी

इथे चित्र बरंच सोपं आहे, बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतात, डाउनलोड वगैरे भानगडच नाही. इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवून वायफाय, आवाज, टचपॅड, स्लीप सगळं बघता येतं, विंडोजमध्ये अशी सोय असती तर किती बरं झालं असतं. अडतं ते मुख्यतः दोन ठिकाणी. जुन्या लॅपटॉपमधलं ब्रॉडकॉमचं वायफाय, आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय, स्पेस, डॅश एनएन लिहिलं की वर सांगितलेले तेच चार-चार अक्षरांचे नंबर दिसतात, १४ई४ दिसलं तर ब्रॉडकॉम. उबुंटूमध्ये अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स नावाचं पान आहे, फोनचं टेदरिंग लावून ते उघडा आणि सुचवलेला ड्रायव्हर निवडा. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही बूट होताना चालू न देणारी सोय, चालू असेल तर हे करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, मोक मॅनेजमेंट लिहिलेली, मोक म्हणजे मशीनच्या मालकाने मान्य केलेली सहीची की. ती स्क्रीन थोडा वेळच थांबते, बरेच जण घाबरून कंटिन्यू बूट दाबून मोकळे होतात आणि मग ड्रायव्हर बसूनही चालत नाही. तिथे एन्रोल मोक निवडायचं, कंटिन्यू, येस, मघाशी ठरवलेला पासवर्ड टाकायचा आणि रीबूट. ती स्क्रीन हुकली असेल तर मोकयूटिल, डॅश डॅश इंपोर्ट आणि की-फाइलचा पत्ता देऊन परत मागवता येते, उबुंटूवर ती फाइल व्हार, मग लिब, मग शिम-साइन्ड, मग मोक ह्या फोल्डरमध्ये असते.